पोर्तुगालसाठी कुठलं गाईडबुक? आधी त्याच मालिकेत गोवा वाचून बघा

ताई, तुमचा प्रश्न असा की मे महिन्यात म्हापशाहून तुम्ही चौघं पोर्तुगालला बारा दिवसांसाठी निघालात: तुम्ही, यजमान, बारा वर्षांचा मुलगा आणि अठ्ठ्याहत्तरीच्या, पूर्ण शाकाहारी सासूबाई. ग्रुप टूर नको, सगळं आपलं आपण करायचंय. दुकानात आणि ऑनलाइन चार-पाच गाईडबुकं पाहिलीत, सगळी स्वतःला सर्वोत्तम म्हणवतात. त्यातलं कुठलं घ्यावं, आणि हातात फोन असताना मुळात घ्यावं का, हे तुम्हाला हवंय.

‘सर्वोत्तम कुठलं’ याला एका नावाचं उत्तर मी देऊ शकत नाही, कारण ते तुमचा मुक्काम किती गावांत आहे यावर अवलंबून आहे, आणि ते तुम्ही लिहिलेलं नाही. पण त्याआधीचा एक प्रश्न आहे आणि बहुतेक जण तो विचारतच नाहीत: हे पुस्तक लिहिणाऱ्याच्या डोळ्यांसमोर वाचक कोण होता? कुणासमोर पाठीवर सॅक टाकून फिरणारा पंचविशीतला ऑस्ट्रेलियन असतो, कुणासमोर अमेरिकेतलं निवृत्त जोडपं, कुणासमोर लंडनहून शनिवार-रविवारपुरते आलेले दोघं. सासूबाईंना घेऊन निघालेलं म्हापशाचं कुटुंब यातल्या कुणाच्याही समोर नव्हतं. तेव्हा आपल्यासाठी लिहिलेलं पुस्तक शोधत बसू नका, ते मिळणार नाही. ज्याचा वाचक आपल्या त्यातल्या त्यात जवळचा, ते घ्यायचं.

मी काही वर्षं जुन्या गोव्यात परदेशी पर्यटकांचा गाईड होतो, आता फोंड्यातून कुटुंबांचे परदेश दौरे आखून देतो. त्यामुळे ही पुस्तकं दोन्ही बाजूंनी पाहिली: आधी आपल्याबद्दल लिहिलेली त्यांच्या हातात, मग त्यांच्याबद्दल लिहिलेली आपल्या हातात. त्यातूनच मला एक चाचणी सापडली, आणि ती गोव्याच्या माणसाला फुकट उपलब्ध आहे. पोर्तुगालचं पुस्तक उघडण्याआधी त्याच मालिकेतलं भारताचं किंवा गोव्याचं पुस्तक उघडा आणि स्वतःचा तालुका वाचा. जी जागा आपल्याला पाठ आहे तिच्याबद्दल ही मंडळी काय लिहितात ते बघा. अनोळखी जागेबद्दलही ती साधारण त्याच तऱ्हेने लिहिणार.

म्हापशाचं पान काढा. शुक्रवारचा बाजार ‘रंगीबेरंगी’ आहे एवढंच म्हणून पुस्तक हणजुणेच्या किनाऱ्याकडे पळालंय का, की बाजारात काय कुठल्या अंगाला मिळतं, सकाळी लवकर का जावं, हेही सांगितलंय? मग फोंडा काढा. मंगेशी, शांतादुर्गा, म्हाळसा यांची नुसती नावं आहेत, की एवढी देवळं याच भागात का दाटलीत हेही आहे? सोळाव्या शतकात तिसवाडी, साष्टी, बार्देशातली देवळं पाडली जाऊ लागली तेव्हा कुठ्ठाळीचा मंगेश आणि केळशीची शांतादुर्गा नदीपलीकडे, पोर्तुगिजांची सत्ता नसलेल्या मुलखात आली. हे दोन ओळींत सांगता येतं. ज्या लेखकाने त्या दोन ओळी लिहिल्या, तो लिस्बनमध्येही नुसतं ‘सुंदर चौक’ लिहून थांबणार नाही.

जुन्या गोव्याची माझी आवडती खूण सांगतो. बॉम जेझूच्या बाहेरच्या भिंती उघड्या जांभ्या दगडाच्या दिसतात, आणि बरीच पुस्तकं त्या लालसर रंगाचं कौतुक करून मोकळी होतात. प्रत्यक्षात या चर्चला गिलावा होता, तो १९५० च्या दशकात काढला गेला, आणि तेव्हापासून तो दगड पावसाचा मारा खातोय. ज्यांच्या पुस्तकात हे असायचं ते पर्यटक मला वेगळे प्रश्न विचारायचे. बाकीच्यांना बहुधा संत फ्रान्सिस झेवियरचं शव कुठे ठेवलंय आणि किनाऱ्यावर किती वाजता पोचू, एवढंच हवं असायचं. माणसं सारखीच होती, हातातलं पुस्तक वेगळं होतं.

आणखी एक पान बघा: पोर्तुगालच्या पुस्तकातलं इतिहासाचं. त्यात १९६१ ला, म्हणजे गोवामुक्तीला, किती ओळी मिळाल्यात आणि ती हकीकत कुठे उभं राहून सांगितलीय? काही ठिकाणी ती साम्राज्य हातचं गेल्याची खंत म्हणून येते, काही ठिकाणी एका अर्ध्या वाक्यात उरकलेली असते, क्वचित सालाझारच्या हुकूमशाहीच्या संदर्भात नीट मांडलेली असते. एवढ्यावरून पुस्तक घ्यायचं की नाही हे ठरवू नका, पण लिस्बनच्या बेलें भागात ‘शोधांच्या स्मारका’समोर उभं राहिल्यावर हे पुस्तक तुम्हाला काय सांगणार, याचा अंदाज येतो. त्या स्मारकावर वास्को द गामाबरोबर आपला गोंयचो सायब, म्हणजे फ्रान्सिस झेवियरही कोरलेला आहे. तिथून चालत जेरोनिमोसच्या मठात गेलात की गामाची कबर. तुमच्या सासूबाई पोर्तुगीज शाळेत शिकलेल्या आहेत असं तुम्ही लिहिलंय. त्यांना हे सगळं तोंडपाठ असणार, तेव्हा पुस्तकाच्या शेवटचं शब्द-वाक्यांचं पान तुमच्या दोघांसाठी समजा, त्यांच्यासाठी नव्हे.

आता साल. मुखपृष्ठावरचा आकडा पाहू नका, आतलं कॉपीराइटचं पान उघडा आणि आवृत्ती कुठल्या महिन्याची ते बघा. लेखक फिरून आल्यापासून पुस्तक दुकानात येईपर्यंत वर्षभर सहज जातं, म्हणजे कोरं करकरीत पुस्तकही थोडं शिळंच असतं. उदाहरण ताजं आहे. लिस्बनच्या रेस्तावरादोरिश चौकातून बाइरू आल्तू भागात चढणारी ग्लोरिया फ्युनिक्युलर, म्हणजे चढावर दोराने ओढली जाणारी रुळांवरची गाडी, १८८५ पासूनची, प्रत्येक पुस्तकात ‘अवश्य बसा’ म्हणून असलेली. ३ सप्टेंबर २०२५ ला ती घसरून कोसळली आणि १६ माणसं गेली. त्याआधी छापलेल्या कुठल्याही पुस्तकात हे असणं शक्य नाही. बेलेंचा मनोराही २०२५ मध्ये दुरुस्तीसाठी बंद झाला. जाण्याआधी या दोन्हींची सद्यस्थिती त्यांच्या अधिकृत संकेतस्थळांवरच बघा.

छापील दरांचं तर विचारूच नका. आर्थर फ्रॉमर यांनी १९५७ साली दिवसाला ५ डॉलरमध्ये युरोप कसा बघावा याचं पुस्तक काढलं, ते इतकं चाललं की पुढच्या आवृत्त्यांच्या नावातच तो ५ चा आकडा वाढवत न्यावा लागला. म्हणून मी सांगतो: दर, वेळा, तिकिटं, हॉटेलं यासाठी पुस्तक घेऊच नका, ते काम फोनचं. पुस्तक घ्यायचं ते वर्षभरात न बदलणाऱ्या गोष्टींसाठी. कुठला भाग कुठल्या टेकडीवर, कुठल्या दोन जागा एका सकाळीत होतात, कुठल्या जागेला तासभर पुरे आणि कुठे अर्धा दिवस द्यावा, काय खुशाल गाळावं. गाळण्याबद्दलचा सल्ला मला सगळ्यात मोलाचा वाटतो, आणि फोन तो देत नाही. फोनवर प्रत्येक जागेला साडेचार तारे असतात.

तुमच्या घरातल्या दोन गोष्टी पुस्तक निवडताना निर्णायक आहेत: सासूबाईंचे पाय आणि सासूबाईंचं ताट.

पायांचं आधी. लिस्बन चढउतारांचं शहर आहे, आणि तिथली चुनखडीच्या लहान दगडांची पदपथं गुळगुळीत होऊन निसरडी झालेली असतात. पुस्तकात ‘दहा मिनिटांच्या अंतरावर’ लिहिलेलं असतं, ती दहा मिनिटं पायऱ्यांची असू शकतात. तेव्हा दुकानात उभ्या उभ्या सांव जोर्ज किल्ल्याची नोंद काढा. न चढता वर कसं जायचं हे तिथे लिहिलंय का? प्रासा द फिगैरा चौकातून ७३७ नंबरची बस थेट किल्ल्यापाशी जाते. पुस्तकात ही बस असेल तर लेखकाने दमलेल्या माणसाचा विचार केलाय असं समजा. नुसती २८ नंबरची पिवळी ट्राम सुचवली असेल तर त्याने फोटोचा विचार केलाय. ती ट्राम माणसांनी खच्चून भरलेली असते, खिसेकापूंसाठी प्रसिद्ध आहे, आणि सासूबाईंना बसायला जागा मिळेलच असं नाही. रेल्वेच्या पानावरही नजर टाका: पोर्तुगालच्या सरकारी रेल्वेत ६५ वर्षांपुढच्यांना तिकीट निम्म्या दरात मिळतं, ओळखपत्र दाखवलं की झालं. ही सवलत पुस्तकात असेल तर त्याचा वाचक तरुण सॅकवाला नाही, हे कळतं.

ताटाचं प्रकरण अधिक नाजूक. परदेशी पुस्तकात शाकाहारीची हिरवी खूण असते ती ‘इथे मांसाशिवायही काही मिळतं’ एवढ्याच अर्थाची, आणि त्यांच्या हिशेबात अंडं चालतंच. चाचणीसाठी ‘काल्दू व्हेर्द’ काढा. बटाटा आणि हिरव्या पाल्याचं सूप, नाव वाचून सासूबाईंना चालेल असं वाटावं असं, पण वर शोरिसाची, म्हणजे डुकराच्या सॉसेजची, चकती पडलेली असते. पुस्तकाने हे बजावलंय का? कडधान्याच्या पदार्थांत डुकराचं मांस, मठांतल्या पारंपरिक मिठायांत अंड्यांचा बलक ढिगाने, काहींत डुकराची चरबीही. आपल्या बेबिंकेवरून अंड्यांची कल्पना आहेच. टेबलावर न मागता येणारे पाव, ऑलिव्ह, चीज हे फुकट नसतं, खाल्लं तर बिलात लागतं, नको असेल तर परत न्यायला सांगायचं. हेही चांगल्या पुस्तकात असतं. लिस्बनच्या लुमियार भागात तिथल्या गुजराती समाजाचं राधाकृष्ण मंदिर आहे आणि मार्तिम मोनिझ चौकाच्या आसपास भारतीय किराणा मिळतो. ही माहिती मुख्य प्रवाहातल्या पुस्तकांत असेलच असं नाही, म्हणून इथेच देऊन टाकतो.

आता मालिकांबद्दल, माझ्या अनुभवाने. रिक स्टीव्हज् फक्त युरोपवर लिहितात, अमेरिकन मध्यमवयीन कुटुंबं समोर ठेवून. निवडक गावं घेतात आणि त्यांत खोल जातात, प्रत्येक जागेला एक ते तीन त्रिकोण देतात, पायी फेऱ्या कोपऱ्याकोपऱ्याने समजावतात आणि काय गाळावं ते बिनदिक्कत सांगतात. विनोद अमेरिकन आहेत, चालवून घ्या. लोनली प्लॅनेटची सुरुवात १९७३ मध्ये कमी पैशांत आशिया ओलांडणाऱ्या एका जोडप्यापासून झाली; गावांची व्याप्ती मोठी, आडबाजूच्या जिल्ह्यात शिरणार असाल तर उपयोगी. अलीकडच्या आवृत्त्या मात्र फोटो आणि ‘अनुभव’ यांकडे झुकल्यात, जुन्यांसारख्या याद्या कमी. रफ गाईड मला वाचायला आवडतं, इतिहास आणि संगीतावर मनापासून लिहितात. डीके आयविटनेस चित्रांचं: इमारत उभी कापून आत काय आहे ते दाखवणारी रेखाटनं, जुन्या आवृत्त्यांत जाड गुळगुळीत कागद, वजनाला भारी. घरी सोफ्यावर आजी-नातवाने मिळून बघायला त्याच्यासारखं दुसरं नाही. दिवसभर खांद्यावर वागवायला मात्र नको. मिशेलिनचं हिरवं पुस्तक नेमकं आणि काहीसं कोरडं, गाडी भाड्याने घेऊन फिरणाऱ्याला बरं. ‘पश्चिम युरोप’ असं एकाच ठोकळ्यात सगळं देणारी पुस्तकं घेऊ नका, पोर्तुगालच्या वाट्याला त्यात थोडी पानं येतात आणि उरलेल्या देशांचं ओझं फुकट उचलावं लागतं.

मराठीत प्रवासवर्णनांची चंगळ आहे, पण ती वेगळी चीज. ती निघण्याआधी मन तयार करतात. रात्री नऊ वाजता कोइंब्राच्या स्टेशनवर उतरल्यावर पुढे काय, हे त्यांचं कामच नव्हे.

ऑनलाइन घेताना एक सावधगिरी, आणि ही गेल्या काही वर्षांतली नवी डोकेदुखी आहे. यंत्राकडून मजकूर रचून घेऊन छापलेली बनावट गाईडबुकं विक्रीला आहेत. मुखपृष्ठ देखणं, नावात चालू साल, लेखकाचं दुसरं काही लेखन सापडत नाही, किंवा एकाच लेखकाची पन्नास देशांवरची पुस्तकं एकाच वर्षातली. नमुन्याची पानं उघडली की नकाशा नाही, पत्ता नाही, बसचा नंबर नाही, नुसतं ‘इथलं सौंदर्य मन मोहून टाकतं’. वर सांगितलेली ७३७ ची आणि काल्दू व्हेर्दची चाचणी इथेही चालते.

कागदी की फोनवरचं? नकाशे आणि चौघांनी मिळून बेत ठरवणं यासाठी कागदी. परदेशातले जुने प्रवासी पुस्तक ब्लेडने कापून एका शहराची पानं तेवढी खिशात नेतात. पुस्तकाला पाय लागला तर नमस्कार करणारी आपण माणसं, आपल्याच्याने ते होत नाही; त्या दिवसाच्या पानांचा फोटो काढून फोनमध्ये ठेवा, काम तेच होतं. पैसे वाचवायचे तर कळंगुट, हणजुणे, पाळोळेच्या बाजूला पर्यटक मागे टाकून गेलेली पुस्तकं जुन्या पुस्तकांच्या दुकानांत येतात. इतिहास आणि चित्रांसाठी पाच-सात वर्षं जुनी प्रतही चालेल. एस्कुदोत दर दिलेली असेल तर मात्र ती २००२ च्या आधीची समजा आणि ठेवून द्या.

व्हिसाचं पान वाचूच नका, ते भारतीय पासपोर्टसाठी लिहिलेलं नसतं. आपल्याला शेंगेन व्हिसा लागतो, अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, किमान ३०,००० युरोचा वैद्यकीय विमा काढावा लागतो. घरात कुणाचा पोर्तुगीज पासपोर्ट असेल तर त्या माणसापुरती गोष्ट वेगळी. कुठलाही तपशील अर्जाच्या अधिकृत यादीवरूनच घ्या.

तर तुमच्यासाठी: लिस्बन, सिंत्रा, एव्होरा, कोइंब्रा, पोर्तू एवढाच बेत असेल तर प्रवासात रिक स्टीव्हज्‌चं पोर्तुगाल, नवी आवृत्ती, घरी बघायला डीके, जुनं किंवा लायब्ररीतून आणलेलं. उत्तरेच्या मिन्यू प्रांतात किंवा डोंगराळ भागात आत जायचं असेल तर पहिल्याच्या जागी लोनली प्लॅनेट किंवा रफ गाईड. फक्त लिस्बन-सिंत्रा असेल तर शहराचं खिशात मावणारं पुस्तक पुरे. बारा दिवसांत तीनपेक्षा जास्त मुक्काम बदलू नका, हे सासूबाईंसाठी सांगतोय आणि तुमच्या बॅगांसाठीही.

पुस्तक आत्ताच घ्या, तिकिटं काढण्याआधी. विमानतळावर घेतलेलं गाईडबुक विमानात झोप येण्यापुरतंच उपयोगी पडतं. आत्ता घेतलंत तर पहिल्या आठवड्यातच दिसेल की जेरोनिमोस सोमवारी बंद असतो, १ मेला सरकारी स्मारकं बंद असतात, आणि १२-१३ मेला फातिमाकडे यात्रेकरूंचा लोंढा असतो, त्या दोन दिवसांत तिथे आणि आसपास खोली मिळणं मुश्किल. मग त्याप्रमाणे लिस्बन आधी की पोर्तू आधी, ते ठरवता येतं.

मुलासाठी वेगळं पुस्तक घ्यायचं का, असंही विचारलंत. नको. डीके त्याच्या हातात द्या आणि एक दिवस पूर्ण त्याने आखायचा असं सांगा, बसचे नंबर आणि आजीच्या जेवणासकट.